सुखदेवची धून

नागपूरच्या विमानतळावर, आत जायच्या दरवाज्यापाशी, बाबा व्हायोलिनची पेटी माझ्या हातात देता देता थांबले. बाकीचं सामान ट्रॉलीवर चढलं होतं. मिलिंद पासपोर्ट शोधत होता, दोन वर्षांची यशो रडून रडून त्याच्या खांद्यावर झोपली होती, आणि बाबा पेटी पोटाशी धरून उभे. आईने आपल्या जुन्या पांढऱ्या साडीची खोळ शिवली होती त्या पेटीला, वर निळ्या दोऱ्याने माझं नाव. मागची माणसं चुळबुळ करायला लागली तेव्हा दारावरचा जवान म्हणाला, "अंकल, जाने दो उनको." बाबांनी पेटी दिली आणि एवढंच म्हणाले, "पेटीत नको ठेवजो, सुजाता. वाजवत जाजो. नाही तर लाकूड मुकं होते." मी म्हटलं, "हो बाबा, रोज वाजवीन." त्या क्षणी मी कशालाही हो म्हटलं असतं.

याला अकरा वर्षं झाली. तिकडे राहिलेल्यांसाठी मी हे लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांसाठीही, कारण घर सोडताना आपण प्रत्येकाने असा एखादा शब्द दिलेला असतो. मी माझा पाळला नाही. वर पाळते आहे असं फोनवर सांगत राहिले.

बाबा वर्ध्याला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. दिवसभर बसच्या खाली, संध्याकाळी भीमगीतांच्या गायन पार्टीत व्हायोलिनवर. कोणाकडे शिकले म्हणाल तर कोणाकडेच नाही. हार्मोनियमचा सूर धरायचा आणि चारही तारा त्याला जुळवायच्या, सा-प-सा-प. सतरंजीवर मांडी घालून बसायचं, उजवं पाऊल थोडं पुढे काढायचं, त्याच्यावर व्हायोलिनचं डोकं टेकवायचं. मलाही त्यांनी तसंच शिकवलं. गावोगावी जयंतीचे कार्यक्रम असायचे. स्टेजवर माईकवाल्याचं "हॅलो, हॅलो, चेक" चालायचं, तोवर लोकांना बसवून ठेवायला बाबा एक धून वाजवत. त्यांचीच होती ती. आधी खाली, ठसक्यात, मग वरच्या सप्तकात, मग पुन्हा खाली. माईक लागला की मधेच तुटायची. तिला नाव नव्हतं, आम्ही तिला 'माईक लागेपर्यंतची' म्हणायचो.

एकदा एका गावी शाळेच्या कार्यक्रमात तिथल्या हार्मोनियमवाल्याशी त्यांची अशी काही जमली की तासभर दोघंही थांबेनात. मग चहा आला. चहा पिता पिता त्या माणसाने बाबांना आडनाव विचारलं. चहानंतर तो काही हार्मोनियमला बसला नाही. म्हणाला, बोट दुखते. बाबा ही गोष्ट हसत हसत सांगायचे आणि आमच्या घरात ती बोलायची रीतच होऊन बसली. कोणाची भाड्याची खोली ऐनवेळी 'दुसऱ्याला दिली गेली', की आई विचारणार, "का व, बोट दुखलं का त्यायचं?" आम्ही पोट धरून हसायचो. हसलो नसतो तर काय केलं असतं कोण जाणे.

अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीला आल्यावर पहिला हिवाळाभर मी खरंच वाजवत होते. मिलिंदची नोकरी इथली, मला वूस्टरच्या एका लॅबमध्ये काम मिळालेलं, अपार्टमेंटमध्ये कार्पेट, त्यामुळे सतरंजीचीही गरज नव्हती. मग एका मराठी घरी जेवायला गेलो. मी व्हायोलिन वाजवते हे मिलिंदने कौतुकाने सांगितलं. यजमानीण काकू खूश झाल्या. "अय्या, हो? वडील कोणाकडे शिकले? आणि आडनाव काय म्हणालीस माहेरचं?" मी आडनाव सांगितलं, आणि कोणी काही म्हणायच्या आत स्वतःच पुढे म्हणाले, "ते काही विशेष नाही हो, असंच, हौस म्हणून वाजवायचे." काकू काही वाईट बोलल्या नाहीत. उलट आग्रहाने पुरणपोळी वाढली. पण घरी येऊन मी पेटी बंद केली आणि कपाटात वर ठेवून दिली. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत होते की वेळ नाही, खालचे शेजारी तक्रार करतात, इथल्या कोरड्या हवेत तारा टिकत नाहीत. खरं म्हणजे त्या दिवशी बोट दुखलं ते माझं. माझ्याच बापाला 'हौस' म्हणाले मी.

आणि बाबा दर रविवारी विचारायचे, "वाजवतं ना व?" मी म्हणायची, "हो बाबा, रोज." दोनदा भारतात जाऊन आलो, दोन्ही वेळा मी सांगितलं की विमानात व्हायोलिन आणणं रिस्की असतं. यशो मोठी झाली, आणि मुलं मोठी झाली की आपल्यावर नजर ठेवायला लागतात. एकदा फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "आई, दॅट्स अ लाय. यू नेव्हर प्ले." मी तिला भांडी लावायला पाठवलं.

मग गेल्या डिसेंबरात बाबांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही वाचलं, डावा हात मात्र गेला. डावा म्हणजे तारांवरचा. दवाखान्यातून घरी आल्यावर व्हिडिओ कॉलवर ते पहिल्यांदा नीट बोलले ते हे: "आता मले काही वाजवता येत नाही. जयंतीले तू वाजवजो, मी इथून ऐकतो. 'माईक लागेपर्यंतची'च वाजवजो." मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

पेटी उघडली तर लाकूड खरंच मुकं झालं होतं. दोन तारा तुटलेल्या, तारांखालची घोडी आडवी पडलेली, गजाचे केस झडलेले. वूस्टरच्या एका दुरुस्तीवाल्याने आठवडाभर ठेवून घेतलं आणि त्याच्या पद्धतीने तारा लावून परत दिलं. मी तिथेच खुंट्या पिळून सा-प-सा-प लावायला घेतलं, तसा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "धिस इज नॉट हाऊ..." असं म्हणून तो थांबला. मग मान हलवून म्हणाला, "बॉस्टनला लागून केंब्रिजला एका कॉफी शॉपच्या मागच्या खोलीत शनिवारी सकाळी काही लोक जमतात. तेही तारांचे असेच हाल करतात. जाऊन बघ."

घरी वाजवून पाहिलं होतं मी. बोटं वळत नव्हती. धून मनात सगळी होती, हातात येत नव्हती, आणि एकटीने बसलं की पाच मिनिटांत हुंदका यायचा. म्हणून गेले.

बर्फातून हायवेवर तासभर ड्राइव्ह करून मी त्या खोलीत पोचले आणि दारातच थबकले. बारा-पंधरा माणसं गोल करून बसली होती, सगळ्यांची तोंडं आत, एकमेकांकडे. ऐकणाऱ्यांकडे चक्क पाठ. स्टेज नाही, माईक नाही, समोर कागद नाही. कोणीतरी एक धून सुरू करायचं, बाकीचे कान लावून तिच्यात शिरायचे, आणि तीच धून फिरत राहायची, पंधरा-वीस वेळा, अगदी 'माईक लागेपर्यंतची'सारखी. ढोलक नव्हती, पण पाय केहरव्यातच पडत होते. थांबायचं कसं, तर ज्याने सुरू केली त्याने एक पाय उचलायचा. पाय वर गेला की ही शेवटची फेरी, सगळे एकदम बंद. मी एवढी वर्षं या शहरापासून तासाभरावर राहत होते, मॉल पाहिले, म्युझियमं पाहिली, आणि दर शनिवारी इथे हे चाललेलं असतं याचा मला पत्ता नव्हता.

त्यानंतर मी शहरभर फिरले. रविवारी दुपारी एका पबमध्ये आयरिश वादक बसत, त्यांच्यातही जाऊन आले. एका चर्चच्या तळघरात म्हातारे-कोतारे स्वीडिश नाच करत, तिथेही. सगळीकडे मी एकच करत होते, पेटी मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसत होते. बोलावण्याची वाट पाहत. बाबांचा नियम होता, "बोलावल्याशिवाय सतरंजीवर बसाचं नाही." का होता, ते तुम्हाला सांगायला नको. स्टेजवर नाव पुकारलं की उठायचं, नाही पुकारलं तर मुकाट ऐकायचं. इथे पाच आठवडे कोणी पुकारलं नाही. मला वाटायचं, असणारच. कुठेही गेलं तरी असणारच. इथे पुकारायची पद्धतच नाही, ज्याला वाजवायचं त्याने खुर्ची ओढायची, हे मला कोणी सांगितलं नाही, कारण हे सांगावं लागतं असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मार्चमध्ये कॉफी शॉपच्या खोलीत एक नवी बाई आली. लोरेटा. सत्तरीची, पाठीवर पांढरी वेणी, पायात पुरुषी बूट. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातली, फिडल (तिकडे व्हायोलिनला हेच म्हणतात) घेऊन व्हॅनमधून गावोगाव नाचांना वाजवत फिरायची आणि महिनाभर बॉस्टनला मुक्कामाला होती. मधल्या वेळात ती कॉफी घ्यायला उठली आणि माझ्यासमोर थांबून म्हणाली, "त्या पेटीत फिडल आहे की जेवणाचा डबा?"

मी पेटी उघडली. तिने विचारून व्हायोलिन हातात घेतलं, चारही तारा एकदा छेडल्या आणि माझ्याकडे पाहतच राहिली. मग स्वतःचं फिडल आणून शेजारी छेडलं. सा-प-सा-प. तेच. तिने सांगितलं, तिचे आजोबा कोळशाच्या खाणीत होते, त्यांच्या त्या डोंगरात जुने लोक असंच लावायचे, शहरातले मास्तर त्याला चूक म्हणायचे. वर्ध्याच्या एस.टी. वर्कशॉपमधला माणूस आणि या बाईचा खाणीत राबलेला आजोबा, दोघांनी कोणालाही न विचारता तारा एकाच सुराला नेऊन ठेवल्या होत्या.

"वाजव," ती म्हणाली. मी खुर्चीत बसले, पण मला खुर्चीत वाजवताच येत नाही. खाली बसायला हवं होतं, आणि खाली बसायची मला लाज वाटत होती. सगळे खुर्च्यांवर आणि आपण जमिनीवर, हे आमच्या लोकांनी पुष्कळ करून झालंय. पण व्हिडिओ कॉलवरचा बाबांचा चेहरा आठवला, आणि मी बूट काढून फरशीवर मांडी घातली. उजवं पाऊल पुढे काढलं आणि 'माईक लागेपर्यंतची' सुरू केली. चार ठिकाणी घसरले. शेवट मला माहीतच नव्हता, म्हणून मधेच सोडून दिली.

लोरेटाने विचारलं, "हू डिड यू गेट इट फ्रॉम?" हे त्यांच्यात विचारतातच, कोणतीही धून कोणाकडून आली हे सांगितल्याशिवाय तिला पूर्ण मानत नाहीत. पण ते मला तेव्हा कुठे ठाऊक? मला पुरणपोळीचं ते ताट आठवलं. "कोणाकडून आली?" याच्यानंतर काय येतं ते मला पाठ होतं. मी म्हटलं, "माझ्या वडिलांकडून. सुखदेव त्यांचं नाव. त्यांनीच केलीय. आमच्या लोकांच्या कार्यक्रमात वाजवायचे." या वेळी हौस म्हणाले नाही.

लोरेटाने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "माय फिंगर इज किलिंग मी." म्हणजे तेच, बोट दुखते.

मी गज खाली ठेवला, पेटीकडे हात नेला. सात समुद्र ओलांडून आलं तरी तेच का, असं मनात येऊन गेलं. एवढ्यात लोरेटाने खिशातून चिकटपट्टी काढली, सुजलेल्या सांध्याभोवती दोन वेढे दिले, खुर्चीचा हात धरून, कण्हत, शिव्या देत, माझ्यासमोर फरशीवर येऊन बसली. दोन्ही गुडघे कडकड वाजले. "पुन्हा," ती म्हणाली. "हळू. मला तुझी बोटं दिसली पाहिजेत."

तासाभरात तिने धून उचलली, मग इतरांनी. तिला फरशीवरून उठवायला दोघं लागले. आडनाव कोणी विचारलं नाही, आजवर विचारलेलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी संध्याकाळी ती मला एका नाचाला घेऊन गेली. जुना लाकडी हॉल, शंभरेक माणसं, स्टेजवर लोरेटा फिडल घेऊन आणि तिच्या शेजारी नाचाची पुढची पावलं पुकारून सांगणारी एक बाई. कोणीही कोणालाही "डान्स?" म्हणून विचारायचं. डॉक्टर, प्लंबर, कॉलेजची मुलं, स्कर्ट घातलेले दाढीवाले बुवा, सगळे दोन लांब रांगांत समोरासमोर. या नाचात आपली जोडी प्रत्येक फेरीला एक घर पुढे सरकते, दुसऱ्या जोडीचे हात धरते, फिरते, सोडते, पुढची जोडी. मी चुकत होते, उलट्या बाजूला वळत होते, आणि दर वेळी समोरचा हात येऊन मला नीट जागी लावत होता. रांगेच्या टोकाला पोचले तेव्हा ध्यानात आलं की या रांगेतल्या एकूण एक माणसाचा हात मी धरलाय. घामट, थंड, खरखरीत, अंगठ्या घातलेले. कोणी आपला हात चुकवला नाही. माझ्या आजीला जन्मभरात किती हात मिळाले असतील, असं मनात आलं आणि नाचता नाचताच डोळे भरून आले. समोरच्या प्लंबरला वाटलं माझ्या पायावर त्याचा पाय पडला, तो बिचारा माफी मागत राहिला.

जयंतीच्या आधीच्या शनिवारी, सकाळी अकराला, वर्ध्यात रात्रीचे साडेआठ वाजले होते. मिलिंद आणि यशो माझ्याबरोबर आले होते. यशोने फोन कॉफीच्या मगला टेकवून ठेवला. पलीकडे बाबा पलंगावर उशीला टेकून, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, शेजारी आई. धून सुरू करायच्या आधी मला आणखी एक काम होतं, ते मी महिनाभर टाळलं होतं. "बाबा," मी म्हटलं, "मी रोज वाजवत नव्हते. दहा वर्षं पेटी बंद होती. तुम्हाला खोटं सांगितलं."

बाबा म्हणाले, "मले माहीत होतं व. वाजवणाऱ्या लेकीनं एकदा तरी विचारलं असतं, बाबा, तार कोणती घेऊ?"

मला मान वर करवेना. लोरेटाने फोनकडे वाकून हात हलवला, गोलातल्या सगळ्यांना म्हणाली, "धिस वन इज 'सुखदेव्स ट्यून'." ज्या धुनेला नाव नसतं तिला हे लोक, ती ज्याच्याकडून आली त्याचं नाव देतात. यशोने आजोबांना मराठीत सांगितलं, तिच्या त्या तुटक मराठीत, "आजोबा, गाण्याचं नाव तुमचं आहे. अँड... तुम्ही पाय वर केला की स्टॉप. तोवर सगळे वाजवणार."

मी फरशीवर बसले होते, शेजारी खुर्चीवर लोरेटा, बोटाला पट्टी. धून सुरू झाली. आधी खाली, ठसक्यात, मग वर. एका फिडलची दोन झाली, दोनाची अकरा, एक बँजो, खाली पायांचा केहरवा. बाबांनी डोळे मिटले. पाच फेऱ्या झाल्या, दहा झाल्या. बाबा पाय उचलेनात. आई त्यांना कोपराने ढोसत होती, "अहो, थकले असतीन ते लोक." तरी नाही. लोरेटा घामाघूम, पण हसत होती. विसाव्या की बाविसाव्या फेरीला त्यांचा उजवा पाय चादरीखालून हळूहळू वर आला, आणि इकडे केंब्रिजमध्ये अकरा गज एकदम थांबले. 'माईक लागेपर्यंतची'ला आयुष्यात पहिल्यांदा शेवट मिळाला.

बाबांनी डोळे पुसले, मग घसा खाकरून विचारलं, "इतका वेळ वाजवलं... कोनाचं बोट नाही दुखलं का?"

"दुखलं बाबा," मी म्हटलं. "त्या पांढऱ्या वेणीच्या मावशींचं खरंच दुखते. तरी वाजवलं."

लोरेटा पुढच्या आठवड्यात व्हॅन घेऊन निघून गेली. दुसऱ्या एका शहरात तिने ती धून वाजवली, असा तिचा मेसेज आला, आणि लोकांनी कोणाकडून आली म्हणून विचारलं तेव्हा तिने सांगितलं: वर्ध्याच्या सुखदेवकडून. मला आजही आईच्या हातची भाकर आठवते, वर्कशॉपच्या तेलाचा बाबांच्या सदऱ्याला येणारा वास आठवतो, आणि घर म्हटलं की जीव तिकडेच धावतो. पण आता शनिवारी सकाळी त्या मागच्या खोलीत मी दारात थबकत नाही. आत जाते, बूट काढते, खाली बसते. पेटीची आईने शिवलेली खोळ कोपऱ्यात टांगायची खुंटीही ठरून गेली आहे.

त्या दिवशी फोन ठेवण्याआधी बाबा बराच वेळ त्या खोलीकडे पाहत होते, एकेका माणसाकडे. मग म्हणाले, "मग बसत जाजो तिथं. बोलावण्याची वाट नको पाहजो."